त्या दिवसाचा कागद

दिवेआगर,
फाल्गुन

प्रिय प्राची,

अंटार्क्टिकाहून तू पुण्याला सुखरूप पोचलीस, माझा जीव भांड्यात पडला. फोनवर तू रडतेस, मग मीही रडते आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहायला बसले.

वादळानंतर लावलेल्या पोफळी यंदा फळाला आल्यात. बाबांनी हे बघायला हवं होतं.

तुझं हवेचं यंत्र पडवीत चालूच आहे. ओझोन म्हणजे काय ते बाबा शेजारच्या ठमीकाकूंना असं समजावत, जशी काही तूच त्यांच्याकडून शिकलीस. म्हणायचे, "वर आभाळात हाय तोवर राखणदार, खाली जमिनीजवळ झाला की पानं जाळतो." ऑक्सिजनमध्येही हलका-जड असतो, त्याच्यापासूनच बनलेला ओझोन त्या वजनाची खूण यंत्रातल्या कागदावरच्या लेपात ठेवून जातो आणि तू ती प्रयोगशाळेत ओळखतेस, एवढं ऐकून ऐकून मलाही कळलं. रोज सकाळी आंघोळ करून ते जुना कागद काढत, नवा लावत. देवपूजा त्यानंतर.

खंडेनवमीला मात्र त्यांनी घोळ घातला. कोयत्याबरोबर तुझ्या यंत्रालाही हळदकुंकू वाहिलं आणि ते हवा ओढतं त्या नळीच्या तोंडाशीच उदबत्ती लावली. केवढी चिडली होतीस तू. धुराने कागद वाया गेला, आता फेकावाच लागेल म्हणालीस. ते हसत म्हणाले, "पोरीचं हत्यार बिनपूजेचं ठेवू काय?" पण त्यानंतर पडवीत उदबत्तीच काय, डासांसाठी धुरीही त्यांनी कुणाला करू दिली नाही.

त्या सकाळीही कागद त्यांनीच लावला. दुपारी पडवीतल्या झोपाळ्यावर बसल्या बसल्याच गेले. तू बोटीवर, मधे सगळा समुद्र. आम्ही त्यांना पडवीतच ठेवलं, उशाशी उदबत्ती लावली. यंत्र बंद करायचं मला सुचलं होतं, पण हात धजला नाही.

सोबतच्या पाकिटात तो कागद आहे. तुझ्या नियमाने वाया गेलेला. तपासायला विरघळवू नकोस आणि फेकूही नकोस. तुला त्यांचं शेवटचं दर्शन झालं नाही, ही सल मला झोपू देत नाही. त्या दिवशी ते ज्या हवेत श्वास घेत होते, ती थोडी त्यात उतरली असेल. उदबत्तीचा धूरही असेल. तुझ्याजवळ ठेव.

तुझीच,
आई