तिरोड्याजवळ संपूर्ण विश्रांती

१३ नोव्हेंबर १९५८
नागपूरच्या ऑफिसातून दहा दिवसांची रजा. पॅसेंजरने तिरोडा, तिथून मनिरामच्या बैलगाडीने त्याचं गाव. मनिराम माझा शाळासोबती, इथं धानाची शेती करतो. संकल्प: रोज पाचला उठणे. दोन मैल फिरणे. लग्नाचा विषय काढणाऱ्याशी न बोलणे. छत्तीस म्हणजे काही वय नव्हे, पण एकटं राहणं मला उत्तम जमलं आहे.

१४ नोव्हेंबर, सकाळी १०
पाचला उठलो होतो. थंडी पाहून परत झोपलो. धानाची कापणी चालू आहे, सगळं गाव शेतात. "काऊन जी, आंग दुखून राहिलं का?" मनिरामने विचारलं. त्याला विश्रांतीचं शास्त्र समजावलं. तो मधेच उठून गेला.

१५ नोव्हेंबर
दुपारी शेजारच्या गावचे रेवाराम आणि त्यांची बायको रुख्माबाई आले. बैल पाहायला आलो म्हणाले, पण गोठ्याकडे फिरकलेसुद्धा नाहीत. माझ्यासमोरच बसून राहिले. तब्येत कशी असते, म्हणून विचारलं. मग मी पित्त, कंबर, सर्दी, डाव्या कानातला आवाज, सगळं सविस्तर सांगितलं. थोडं वाढवूनही सांगितलं. रुख्माबाई दर दुखण्याला "अवो माय!" म्हणत होत्या. इतकं मन लावून ऐकणारं नागपुरात कुणी भेटत नाही.

१६ नोव्हेंबर
मनिरामची बायको सुलोचनाबाई माझ्यावर भयंकर चिडल्या आहेत. ते दोघं बैल नव्हे, मला पाहायला आले होते म्हणे! दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे इथल्या जत्रेत, इकडे सोयरिकी जुळतात. त्याआधी मुलीकडचे असं काहीतरी निमित्त काढून मुलगा बघून जातात. हे सगळं बाईंनीच जुळवलेलं. "जरा वेळ तोंड बंद ठेवता नाही आलं का जी?" म्हणाल्या. मी स्पष्ट सांगितलं, मला लग्नच करायचं नाही. फार मोकळं वाटलं.

१७ नोव्हेंबर, मंडई
गावभर दुकानं, पाळणे, पाहुणे. रेवारामची मुलगी सत्यभामा बांगडीवाल्याशी भावावरून भांडत होती. असेल तेवीस-चोवीसची. बांगडीवाला हरला. मी तिथं अर्धा तास उभा. शेवटी लाजेकाजेस्तव एक आरसा घ्यावा लागला.

मला ही मुलगी हवी. लिहिताना लाज वाटते, पण हवी. इतकी वर्षं उगाच घालवली.

१८ नोव्हेंबर
सुलोचनाबाईंच्या हातापाया पडून रेवारामकडे मागणीचा निरोप पाठवला. रेवारामचं उत्तर संध्याकाळी आलं: "पोरगी नांदाले द्याची हाय, दवा पाजाले नाही."

निव्वळ गैरसमज. माझी प्रकृती उत्कृष्ट आहे. उद्या रेवारामच्या शेतात जाऊन चारचौघांसमोर धानाचा भारा उचलायचा. बोलणं बंद, कृती सुरू.

१९ नोव्हेंबर, दुपारी, पडल्या पडल्या
पाचला उठलो! शेतात गेलो. भारा गुडघ्यापर्यंत आणला. तिथून तो वर जाईना आणि मलाही सरळ होता येईना. कंबरेत कट्ट झालं. सगळे विळे थांबवून बघायला लागले. रेवारामने नुसती मान हलवली.

सत्यभामा धावत आली. पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. "सोडा काकाजी, कंबर भरंल तुमची."

मला धरून बांधावर बसवलं. मग तोच भारा डोक्यावर घेऊन खळ्याकडे निघाली. दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. मान तेवढी वळत होती.