बटनाची गाडी

१२ फेब्रुवारी, सोमवार

विसरलास ना? मला ठाऊकच होतं. परवा गळा सुकेपर्यंत बोलले अन् तू सगळं गिळून बसलास. लुंबिनी म्हणते, आजी, शेवटचं बटन तू दाबलंच न्हाई. म्हणजे दोष माझा! तारीख तेवढी न सांगता टाकतोस, बाकी डोकं म्हणजे चाळण. असू दे. मला अक्षर येत न्हाई अन् फोनातल्या कागदाला आठवत न्हाई – बरी जोडी जमलीय. मी बोलते, तू लिही. कुणाला दाखवायचं न्हाई.

तर पुन्हा पहिल्यापासून. मालक गेले, मागं त्यांची मोटरसायकल राहिली. त्यांचं नाव मी घेत न्हाई. मागच्या मडगार्डवर लिहिलंय, ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं. गाडीला किक न्हाई. घेतली तेव्हा मालक हेच सांगत अख्ख्या हिमायतनगरात हिंडले होते – बटनाची गाडी हाय! आता ते बटन दाबलं की आत नुसतं घर्रर्र होतं, इंजिन ढिम्म. सकाळी कधी खट् करून धरतं. तापली की धरतच न्हाई.

मग ढकलायची. लुंबिनी वर बसते, मी मागून ढकलते. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून बघतात. बघा म्हणावं, फुकट हाय.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आनंदराजचा लातूरहून फोन. माझा थोरला, धाकटा, सगळा तोच. त्यानं सगळ्यांचं ठरवून टाकलंय. लुंबिनी त्याची पोरगी, पण शाळेपासून माझ्यापाशी. तिला नोकरी लागली – पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे गुरांना सुया टोचणारी. उदगीर तालुक्यात, एक मार्चला हजर व्हायचं. तिनं तिथं खोली करून राहायचं अन् बसनं हिंडायचं. गाडी भंगारात. अन् मी लातूरला, त्याच्या तिसऱ्या मजल्यावर. येत्या पंचवीसला, रविवारी, टेम्पो घेऊन येतो म्हणाला.

मी विचारलं, वाड्या-तांड्यावर गुरं बघायला ही कशी जाईल? म्हशीवर बसून?

"माय, गाडी बटनावर चालू होत न्हाई. पोरगी रानात अडकली तर ढकलायला तू येणार हायेस का?"

खरं बोलला. म्हणून जास्त राग आला.

"रविवारी ये. तुझ्या हातानं बटन दाब. चालू झाली तर गाडी पोरीची, अन् मी तुझ्या टेम्पोत बसणार न्हाई."

"अन् न्हाई झाली तर?"

"तर दोन्ही उचल."

बोलून बसले. आता तोंडातून गेलेलं काही तुझ्यासारखं पुसता येत न्हाई.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

स्टँडाजवळच्या मिस्त्रीनं नवी बॅटरी घातली. हॉर्न असा वाजला की शेजारची शेळी दावं तोडून पळाली. घर्रर्र तेच.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

त्याच मिस्त्रीनं आज सेल्फची मोटर खोलून आतले कार्बन बदलले. घर्रर्र आता लांबून ऐकू येतं. एवढीच सुधारणा.

१७ फेब्रुवारी, शनिवार

गाडी ढकलत अजीजच्या गॅरेजात नेली. अजीज मालकांच्या ओळखीचा. आधीच त्याच्याकडं जायला पाहिजे होतं, पण तो लई बोलतो, अन् दोन बोलणारी माणसं एका जागी आली की काम होत न्हाई.

त्यानं काही खोललं न्हाई. पुढचा दिवा लावला, म्हणाला, मावशी, दिव्याकडं बघत राहा. अन् बटन दाबलं. घर्रर्र. दिवा जशाला तसा. अजीज म्हणाला, इंजिन फिरवायचं ओझं मोटरीवर आलं की दिवा घटकाभर मंद व्हायला पाहिजे. इथं होत न्हाई, म्हणजे मोटर रिकामीच फिरून राहिली. मोटर चांगली, बॅटरी चांगली. मधला वन-वे घसरतोय.

म्हणजे जात्याचा खुंटा ढिला. खुंटा हातात गरगर फिरतो, जातं जागच्या जागी.

वन-वे म्हणजे काय तेही विचारून घेतलं. मोटर अन् इंजिन यांच्या मधला तो. इंजिन चालू होईपर्यंत घट्ट धरायचं, चालू झालं की सोडून द्यायचं. सोडलं न्हाई तर इंजिन मोटरीला खाऊन टाकील. हे तर सोयरीक जुळवणाऱ्या माणसाचं काम! जुळेपर्यंत धर, जुळलं की तिथून ऊठ. आमच्या आनंदराजचा वन-वे उलटा बसलाय. सोडायच्या वेळी धरतो.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज गाडी खोलली. मी गॅरेजात स्टुलावर बसून होते. लुंबिनी म्हणाली, आजी, घरी जा, ऊन लागेल. मी म्हटलं, माझं पोट फाडायचं असतं तर तू घरी गेली असतीस का?

डाव्या अंगाचं झाकण काढलं, काळं तेल परातीत आलं. मग ते जड चाक, मॅग्नेट. ते ओढून काढायला वेगळं हत्यार लागतं. त्याच्या मागं वन-वे. एक गोल कडं, त्यात तीन खाचा, दर खाचेत एक लोखंडी रोलर, अन् रोलरला ढकलायला बारकी स्प्रिंग. अजीजनं एकेक चिंध्यावर मांडलं. रोलर झिजून चपटे झालेले. दोन स्प्रिंगा एकसारख्या. तिसरी वेगळीच – बारीक, लांब, अन् पार बसलेली.

अजीज ती नखावर धरून हसायला लागला. म्हणाला, हे तर पेनातलं हाय. टकटक पेनातलं. हे काम माझं न्हाई, मावशी.

तर मग कुणाचं? मालक एसटीच्या वर्कशॉपात होते. ही गाडी त्यांनी दुसऱ्याला खोलू दिली न्हाई. मी उठून घरी गेले.

आमच्यात जयंतीला हार-नारळ न्हाई, वही-पेन वाटतात. मालक दरसाल एक पेन माझ्यासाठी आणायचे. म्हणायचे, सही तेवढी शिक, अंगठा पुरे झाला. मी म्हणायचे, माझा अंगठा कधी चुकलाय का? अन् पेन परत द्यायचे. एकदा हिरवं टकटक पेन आणलं. ते मात्र ठेवून घेतलं, टकटक करायला बरं वाटायचं. एक दिवस टकटक बंद झालं. मालकांना विचारलं तर म्हणाले, न वापरून बिघडलं.

पेटीच्या तळातून काढलं. डोकं दाबलं. आत गेलं, वर आलंच न्हाई.

लबाड माणूस!

माझ्या हातात त्या पेनानं एक अक्षर काढलं न्हाई. गाडी मात्र इतकी वर्षं ओढली.

२० फेब्रुवारी, मंगळवार

अजीज म्हणाला, सामान नांदेडहून यायला वेळ लागतो, तोवर दुसऱ्या पेनाची स्प्रिंग घालू का, रविवार निघून जाईल. मी नको म्हटलं. मालकांनी घातली ती त्यांची गोष्ट. पोरगी रानात एकटी हिंडणार. अन् आनंदराजला फसवून मला जिंकायचं न्हाई. नवं कडं, नवे रोलर, नव्या स्प्रिंगा, सगळं अस्सल पाहिजे.

जुनी स्प्रिंग मागून घेतली.

२१ फेब्रुवारी, बुधवार

नांदेडहून एसटीनं डबी आली. आतलं कडं मोठं, दुसऱ्या गाडीचं. परत धाडलं. आनंदराजचा फोन – टेम्पो ठरवलाय, पेटी बांधून ठेव. मी म्हटलं, ठेवते. पेटीत काय ठेवायचं ते माझं मी बघीन.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

बरोबर सामान दुपारी आलं. अजीजची जुम्म्याच्या नमाजाला जायची वेळ झालेली. म्हणाला, मावशी, लक्ष ठेवा, आलोच. मी लक्ष ठेवलं. नुसतं बसून लक्ष ठेवायची मला सवय न्हाई. ते कोरे रोलर बघून जीव कळवळला. आमच्याकडं कोरं लोखंड कधी ठेवलं न्हाई. विळा, कुऱ्हाड, बैलगाडीचा आस – तेल-वंगण लागल्याशिवाय जागेवर जायचं न्हाई. शेजारी वंगणाचा डबा होता. बोटानं घेतलं अन् खाचा चांगल्या भरून, रोलर माखून ठेवले. बाळाला मालिश केल्यागत.

अजीज आला, कंपनीचंच वंगण असेल समजला, घाईघाईत बसवून मोकळा झाला. बटन दाबलं.

घर्रर्र.

पुन्हा. घर्रर्र. लुंबिनीनं तोंड फिरवलं, डोळे पुसताना मी बघितलं. अजीज डोकं खाजवत म्हणाला, सगळं नवं, मग रोलर चिकटतात कशाला? कशानं चिकटतील?

मी माझं बोट बघितलं.

"अजीज, वंगण मी लावलं."

तो स्टुलावर बसला. मग असा हसला की पलीकडचा पानवाला बघायला आला. म्हणाला, मावशी, दुनियेत सगळ्याला वंगण लागतं, एवढं एक सोडून. ह्याला धरायचं असतं, घसरायचं न्हाई!

उद्या पुन्हा खोलायचं. एकच दिवस राहिला. भाकर गोड लागली न्हाई.

२४ फेब्रुवारी, शनिवार

पेट्रोलनं धुऊन, पुसून, बसवलं. मला स्टुलावरून उठू दिलं न्हाई. बटन दाबलं – दिवा मंद झाला, खट्, अन् चालू! लुंबिनी विहिरीपर्यंत फिरवून तापवून आली. बंद केली, पुन्हा दाबलं. चालू.

मी अजीजला म्हटलं, आता मी बोटं चाटून दाखवायची का, वंगण न्हाई म्हणून?

२५ फेब्रुवारी, रविवार

आला टेम्पो घेऊन. चहासुद्धा घेतला न्हाई, सरळ गाडीपाशी. बटन दाबलं. चालू. बंद केली, दाबलं. चालू. मग स्वारी स्टँडापर्यंत जाऊन आली, दारात बंद केली अन् गरम गाडीवर बटन दाबलं. गल्लीतल्या त्याच बाया बघत होत्या. खट्! चालू.

तो गाडीवर बसूनच राहिला. बापाच्या गाडीवर बसला की त्याचं तोंड बारकं होतं. म्हणाला, "गाडी राहू दे. पण माय, तू इथं एकटी काय करशील?"

"गाडी विकायची अन् माय उचलायची, एकाच भाड्यात. चांगला हिशेब होता, बाळा. बोली काय झाली होती?"

"टेम्पोत बसणार न्हाई म्हणालीस."

"मग?"

जेवायला बसला. पिठलं दोनदा घेतलं. टेम्पो रिकामा नेला. वळणावर हात केला न्हाई. मी केला.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

पेटी उघडून बघितली. निम्मं सामान नुसतं ओझं. गाठोडं पुरतं.

१ मार्च, शुक्रवार

उदगीर. पाठीचे तुकडे झालेत, पण पोचले. लुंबिनी पुढं, मी मागं, मधे गाठोडं, माझ्या कनवटीला न वाजणारं हिरवं पेन. कालच निघालो. विष्णुपुरीला धरण बघितलं, कंधारला चहा घेतला. प्रत्येक ठिकाणी गाडी मुद्दाम बंद करायला लावली, अन् प्रत्येक ठिकाणी बटन मी दाबलं. पोरगी आज नोकरीवर हजर झाली. खोली एक हाय, दोघींना पुरते. हिमायतनगरची किल्ली अजीजपाशी.

आता ऐक, विसरू नको. आजचं एवढंच आनंदराजला धाड. बाळा, मी हिमायतनगर सोडणार न्हाई असं कधी म्हणाले न्हवते. टेम्पोत बसणार न्हाई म्हणाले होते. लातूर इथून जवळ हाय. रविवारी ये, हात हलवत येऊ नको. सूनबाईच्या हातचे धपाटे आण, आमटीला येसर आण, लसणाची चटणी आण. चटणी कोरडीच आण, वरून तेल घालू नको. तेल कुठं घालायचं न्हाई ते मला आता कळतं.