टाचण्या टोचलेल्या बाहुल्या

२३ डिसेंबर, सीवूड्स

नातीला, मिठीला, नाताळच्या झाडावर भुतं हवी होती. म्हणून स्वस्तातल्या प्लास्टिकच्या बाहुल्या काळ्या रंगवल्या, टांगायला डोक्यात टाचण्या खुपसल्या. दुपारी तिला ताप भरला. कराव्याहून मासळी द्यायला आलेल्या कमलताई दारातच थबकल्या.

"बाय, टाचन्या टोचलेली काली बावली घरात? पोरीला काय झाला म्हंजे?"

मी हसले. करणी खोटी असते, हे तीस वर्षं व्यासपीठावरून गर्जून सांगतेय. डॉक्टरही व्हायरल म्हणाले. मग त्या टाचण्यांकडेच सारखी नजर का जातेय?

ताप एकशे तीन. कमलताई गेल्यावर दार लावलं आणि एकेक टाचणी उपटली.

ताप उतरू दे, एवढंच हवंय. पण आज रात्रीच उतरला, तर उद्यापासून कोणत्या तोंडाने बोलू?