पहिल्या मजल्यावरचं शून्य

३ तारीख, सोमवार

साहेबांना गोल चार्टच हवा! एक टॉवर, दहा मजले, चाळीस घरं, रहिवाशांच्या पाहणीचे चाळीस फॉर्म. बैठकीत दाखवायच्या त्या रंगीत फोडी. एकतीस घरं समाधानी, ती हिरवी. उरलेली नऊ 'इतर'मध्ये ढकलली. किरकोळ तक्रारी 'इतर'मध्ये घालायच्या ही आमच्या ऑफिसची जुनी रीत. साहेब म्हणाले, त्याला राखाडी रंग द्या, नजर जात नाही.

याच टॉवरमध्ये माझी धाकटी बहीण राहते. पहिला मजला, चार नंबर. बरेच दिवस बोलणं नाही म्हणून फोन केला. तिच्या नवऱ्याने उचलला. ती आंघोळीला गेलीय म्हणाला.

४ तारीख, मंगळवार

राहवेना. 'इतर' उघडून बसले. नऊच्या नऊ जणांची तक्रार एकच — भिंतीतून ठोके ऐकू येतात!

साहेब म्हणाले, पाइपात हवा असेल. फॉर्ममध्ये आवाज किती, शून्य ते पाच, असा रकाना आहे. या नऊ जणांची सरासरी काढली. तीन. म्हणजे मध्यम. साहेब खूश. सरासरीचं हे असंच — एक जण उपाशी, दुसऱ्याने दोन ताटं हाणली, तरी कागदावर दोघेही पोटभर जेवलेले.

६ तारीख, गुरुवार

वयानुसार मांडून पाहिलं. काही नाही. मालक-भाडेकरू वेगळे केले. काही नाही. शेवटी कागदावर टॉवरच काढला, घरागणिक एक चौकोन, आणि ती नऊ घरं लाल केली.

सगळी चार नंबरची! दहाव्या मजल्यापासून दुसऱ्यापर्यंत, एकाखाली एक, मधलं एकही सुटलेलं नाही. शेजारच्या घरांना मात्र गंधही नाही.

मग प्रत्येक घरापुढे आवाजाची पट्टी काढली. दहाव्यावर एक. खाली येता येता दोन, तीन, चार. तिसऱ्यावर आणि दुसऱ्यावर पाच.

काहीतरी खाली उतरतंय. आणि दुसऱ्याच्या खाली धाकटी आहे.

फोन केला. पुन्हा नवराच. ती झोपलीय म्हणे. सकाळी अकराला?

७ तारीख, शुक्रवार

तिच्या घराचा फॉर्म शोधला. त्रास — नाही. आवाज — शून्य. जीव भांड्यात पडला. ते जे काही आहे ते अजून तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. तोवर तिला तिथून हलवायचं.

तिच्या नवऱ्याला म्हटलं, चार दिवस पाठवा तिला माझ्याकडे. हसला. "ताई, आमच्याकडे कसला आवाज? आम्ही मजेत आहोत." मागे इतकं शांत होतं की त्याचा श्वास ऐकू येत होता.

साहेबांना लाल पट्टा दाखवला. म्हणाले, हा बैठकीत लावलात तर लोक घरं सोडतील, गोलच ठेवा. ठेवला. लाज वाटते स्वतःची.

८ तारीख, शनिवार

बैठक झाली. टाळ्या पडल्या. राखाडी फोडीकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

१० तारीख, सोमवार

फॉर्मच्या तळाशी शेरे असतात. ते मी कधी वाचत नाही — शेऱ्यांचा चार्ट होत नाही ना! आज वाचले. दुसरा मजला: "तीन ठोके, मग थांबून दोन." पाचवा: तेच. दहावा: तेच.

लहानपणी आमच्या न्हाणीघराची कडी बाहेरून पडायची. धाकटी आतून दार वाजवायची. तीनदा, मग थांबून दोनदा. म्हणजे — ताई, उघड.

पट्ट्या मी उलट्या वाचल्या. आवाज वरून उतरत नाही, खालून चढतोय. पहिल्या मजल्यावरच्या फॉर्मवरचं अक्षर तिचं नाही.

पोलिसांना कळवलं. मीही निघाले.