माझ्या पोटात दुखतंय

अहो,

मी सोनोग्राफीला चालले आहे. तोंडाने सांगायला गेले तर भांडण होईल, म्हणून तुम्ही आंघोळीला गेलात तेवढ्यात लिहितेय.

धाकट्या जावेची सोनोग्राफी होती, तेव्हा तुम्ही सुट्टी काढून तिला चौकातल्या मोठ्या सेंटरमध्ये नेलंत. किती घेतात, हे विचारलंसुद्धा नाहीत. भावजी बाहेरगावी असतात, ती पोटुशी आहे, सगळं मान्य. पण माझं पोट कधीपासून दुखतंय, तर मला म्हणालात, "कुठे स्वस्त पडतं ते बघ जरा."

बघितलं. सरकारी दवाखान्यात जवळजवळ फुकट होते, पण तारीख दोन महिन्यांनंतरची. बाजारातल्या लॅबमध्ये मोठ्या सेंटरच्या निम्म्यात होते, पण तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात. मोठ्या सेंटरमध्ये डॉक्टर रोज असतात आणि रिपोर्ट हातोहात देतात. मी तिथेच नाव दिलंय. तिला एक न्याय आणि मला दुसरा का?

तिच्यावरून माझ्या पोटात दुखतं, असं तुम्ही आईंना म्हणालात, ते मी ऐकलं. दुखतंयच. दोन्ही अर्थांनी.

आत्ता धाकटी चपला घालून दारात उभी आहे. "ताई, एकट्या जाऊ नका, मी येते," म्हणतेय. इतके दिवस मी जिच्यावर जळत होते, तिलाच माझी काळजी वाटावी! तिला घेऊनच जाते. आता राग धरायला तुम्ही एकटेच उरलात.

डबा ओट्यावर आहे.