सासूबाईंच्या थडग्यावरचा शब्द

इलोइलो, नोव्हेंबर

प्रिय ओसांगताई,

आशीर्वादासाठी तुझा हात इथूनच माझ्या कपाळाला लावून घेतो. बाकोलोदच्या हवेत तुझा गुडघा कसा आहे? माझा दमा आहे तसाच आहे, छप्पर गळायचं तसं गळतंय, आणि पुरिंगच्या आईला जाऊन वर्ष झालं तरी आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. (आधीही बोलत नव्हतं, पण तेव्हा त्यांना भिऊन.) एकंदरीत क्षेम म्हणावं असं काही नाही. लिहायचं कारण त्याहून वाईट आहे.

सासूबाईंच्या थडग्यावर संगमरवरी पाटी बसवायची ठरलं, तेव्हा पुरिंगचा थोरला भाऊ पोलिकार्पो म्हणाला, मजकूर इंग्रजीतच हवा. तो जहाजावर इंजिनियर, त्याला वाटतं देवालाही इंग्रजीच समजतं. आणि इंग्रजी म्हटलं की मी. जन्मभर शाळेत तेच शिकवलं ना! आता तुला म्हणून सांगतो, मी इंग्रजी शिकलो ते डोळ्यांनी, कानांनी नव्हे. आपल्याला शिकवणाऱ्यांनीही ते शब्द पुस्तकातच पाहिलेले. 'कर्नल' लिहिताना नसलेला 'र' बोलताना कुठून येतो, आणि 'सॅमन' माशातला 'ल' कोण गिळतं, हे मला निवृत्त झाल्यावर टीव्हीवरून कळलं. तर साधं 'प्रेमळ आई' लिहून मोकळा झालो असतो, पण पोलिकार्पो म्हणाला, "दाजी, जरा भारी शब्द टाका." टाकले. पहिल्या ओळीत 'एपिटमी', म्हणजे आईपणाची मूर्तीच. आणि खाली, 'जिच्या एनर्व्हेटिंग सहवासाला आम्ही मुकलो'. एनर्जी आणि एनर्व्हेटिंग, कानाला सख्खी भावंडं वाटतात की नाही? अडला शब्द कोशात बघा, असं मी पोरांना इतक्या वेळा सांगितलं की स्वतः बघायचं राहूनच गेलं.

सर्व संतांच्या दिवशी सगळा गोतावळा कबरस्तानात जमला. मेणबत्त्या, केळीच्या पानातला गोड भात, पोलिकार्पोची बियर, बाजूच्या थडग्यावर पत्त्यांचा डाव. फादरांनी पाणी शिंपडलं, मला पाटी वाचायला सांगितली आणि ते पुढच्या थडग्याकडे वळले. मी घसा साफ करून 'एपिटोम' असं खणखणीत म्हटलं. (होम, डोम, रोम म्हणतो तसंच. यात माझं काय चुकलं?) पोलिकार्पोची मुलगी ग्वेंडोलिन, जी कॅनडात नर्स आहे, हळूच म्हणाली, "आतोबा, एपिटमी." पाटीवर 'मी' असा कुठेच दिसत नव्हता, पण सगळे हसले म्हणून मीही हसलो. एवढ्यावर भागलं असतं. पण ती खालची ओळ वाचायला गेली आणि तिचं हसू मावळलं. "हा शब्द मुद्दाम घातलात?" मी छाती काढून म्हणालो, "अर्थात!" ताई, त्या शब्दाचा अर्थ आहे, अंगातलं त्राण काढून घेणारा.

पत्ते थांबले. पोलिकार्पो उठला. "माझ्या आईला संगमरवरात शिवी?" असं ओरडत तो पाटी फोडायला दगड शोधू लागला. (कबरस्तानात दगडांना तोटा नाही, पण प्रत्येक कोणाचा तरी असतो.) मी पुरिंगकडे बघायचं टाळत होतो. आई गेल्यापासून ती रडली नव्हती, हसली नव्हती. फक्त भांडी घासत होती, स्वच्छ असलेलीसुद्धा. तिने ग्वेंडोलिनला अर्थ पुन्हा विचारला, नीट ऐकून घेतला, आणि मटकन कठड्यावर बसून हसायला लागली. थांबेच ना. "आई दारातून आत आली की माझे हातपाय गळायचे रे," ती भावाला म्हणाली. "लग्न झालं, पोरं झाली, तरी गळायचे. तुझेही गळायचे, म्हणून तर तू जहाजावर पळालास. मला त्याला शब्दच सापडत नव्हता." मग हसता हसता ती रडायला लागली, आईसाठी, अगदी लहान मुलीसारखी. पोलिकार्पोच्या हातातला दगड हातातच राहिला. डोळे पुसून तिने पाटीवर सांडलेलं मेण नखाने खरवडलं आणि म्हणाली, "याला कोणी हात लावायचा नाही."

पोलिकार्पो न जेवता गेला. नाताळात पाथरवट घेऊन येतो आणि अख्खी ओळ घासून काढतो, असा त्याचा निरोप आहे. पुरिंग आता शांत झोपते. मी जागा असतो. ती जेवताना मला इंग्रजी शब्द विचारते. स्वतःच्या वडिलांसाठी तिला एक हवा आहे, भावासाठी दोन. माझ्यासाठीचा तिने ग्वेंडोलिनकडून परस्पर मागवलाय.

तुझा खचलेला भाऊ,
ताकियो

ता. क. तो शब्द तू सुचवलास, असं मी पोलिकार्पोला सांगून बसलोय. तू मुख्याध्यापिका होतीस, तुझ्यावर आवाज चढवायची कोणाची छाती नाही. त्याचा फोन येईल. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ 'बळ देणारा' असाच होता, एवढं ठासून सांग. एक नाताळ निभावून ने.

ता. ता. क. पुरिंगने पत्र वाचलं. स्वतःची चूक म्हाताऱ्या बहिणीच्या गळ्यात घालणाऱ्या माणसाला इंग्रजीत काय म्हणतात, असं विचारत होती. मी म्हटलं, त्या भाषेत असा शब्द नाही. ती म्हणाली, आपल्या भाषेत आहे. मग तो तिने उच्चारला. एकही अक्षर चुकलं नाही.