चिमणीची खिडकी

१२ जानेवारी
हात सोलवटलेत. चमचा धरवत नाही. आई म्हणाली, "पैसे भरून हमाली करणारी तूच एक." तिला काय कळणार! गुहेच्या मागच्या खोलीत खणतोय आम्ही. गुहा धुंडाळायचा हा क्लब दादाचा (माझा मावसभाऊ), आणि जागाही त्यानेच शोधली. घुमटासारखं छत, पार वरच्या कोपऱ्यात दगडमाती अडकलेली. दोरीला लोंबकळून खणायचं, माती सगळी डोळ्यांत. "इथून हवा लागतेय, चिमणे. पलीकडे मोठी गुहा असणार," म्हणाला. मी गाल लावून पाहिला. मला काही लागली नाही. पण दादा पंधरा वर्षं गुहांत उतरतोय, मी आत्ता कुठे गाठ मारायला शिकले.

उन्हाळ्याच्या आत उरकायचंय. तेव्हा या खोलीत वटवाघळं पिल्लं घालतात, म्हणून चार महिने गुहा बंद. नेमक्या तेव्हाच लोकांना सुट्ट्या, त्यामुळे दादाच्या सगळ्या ट्रिपा बोंबलतात.

२ मार्च
फुटलं! आणि पलीकडे गुहाबिहा काही नाही. आभाळ. झुडपं. डोंगराला भोक पाडलं आम्ही, बस. मला रडूच येत होतं. दादा मात्र खुशीत, सगळ्यांना चहा पाजला. भोकाला नाव दिलं: चिमणीची खिडकी.

९ मार्च
अंगठ्याचं नख गेलं.

२० मे
वटवाघळांवर रिसर्च करणाऱ्या मॅडमनी मोजणीला सोबत नेलं. पहिल्यांदा पिल्लं बघणार म्हणून सकाळपासून नाचत होते. बघितली. जमिनीवर पडलेली. गुलाबी, बिनकेसांची, माझ्या अंगठ्याएवढी. पायाखाली येऊ नयेत म्हणून मॅडम माझा हात धरून चालत होत्या.

खोली गार पडलीय. घुमटात गरम हवा अडकून राहते, तिच्यावर ही पिल्लं जगतात. आता ती माझ्या खिडकीतून बाहेर जातेय.

मॅडमनी वर टॉर्च मारला. "कोणी केलं हे?"
"आम्ही."
टॉर्च खाली वळवून त्या पडलेली पिल्लं मोजायला लागल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ मे
दादाला फोन. म्हटलं, भोक बुजवूया, आजच.
"सीझनला बंदी आहे ना बाई? नियम तर तूच शिकवतेस सगळ्यांना."
म्हटलं, बाहेरून बुजवू, आत जायलाच नको.
"बघू गं रविवारी."

२२ मे
एकटीच गेले. दगड, माती, फांद्या. संध्याकाळी बुजलं एकदाचं. क्लबच्या ग्रुपवर सकाळीच लिहिलं होतं. सगळ्यांनी वाचलं. कोणी आलं नाही.

१७ जून
परत मोजणी. मोजायला काही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, एकदा जागा सोडली की सहसा परत येत नाहीत.

३० जून
वटवाघळं नाहीत म्हणून बंदी उठली. ग्रुपवर दादा: "गुहा आता बाराही महिने आपली!" खाली माझा फोटो, मातीने माखलेला, फावड्यासकट. "थँक्स टू चिमणी." आईने तो तिच्या मैत्रिणींना पाठवला.

२ जुलै
मॅडमना सॉरी म्हणायला गेले. म्हणाल्या, "तू नवीन होतीस गं. तुझ्या दादाला मात्र मी मागच्याच वर्षी सांगितलं होतं, त्या छताला हात लावू नका, भोक पडलं तर वटवाघळं जातील."

तिथे हवा लागत नव्हती. मला एकदाही लागली नव्हती.